कुमारिका, वय अठ्ठावीस

पीअर्सच्या मृत्यूला महिना झाला म्हणून ठेवलेली मिस्सा आटोपून मंडळी घरी पोचली तेव्हा दोन वाजून गेले होते आणि सगळ्यांच्या बुटांना कबरस्तानातला चिखल होता. दिवाणखान्याच्या गालिच्यावर तो तसाच उमटत गेला, नोकरांनी पुसायचं नाव काढलं नाही. पीअर्स गेल्यापासून रॅथमॉइलच्या घरात कुणी कुणाला काही सांगत नव्हतं, कारण सांगायचा अधिकार आता कुणाचा, हेच अजून ठरलं नव्हतं.

हॅम कापायला पीअर्सच्या विधवेने, सबायनाने घेतला. खरं तर ते काम घरच्या कर्त्या पुरुषाचं. इतकी वर्षं पीअर्स उभा राहून पातळ पातळ काप काढायचा आणि प्रत्येकाच्या ताटात कापाबरोबर एखादा टोमणाही वाढायचा. आज ती सुरी कोणत्या मुलापुढे ठेवायची हा प्रश्न नको, म्हणून तिने ती स्वतःच उचलली. काप जाड झाले. थोरला गॅरेट लहानपणापासूनच्या आपल्या जागी, खिडकीकडे पाठ करून बसला होता. धाकटा युलिक त्याच्या समोर. टेबलाच्या टोकाची मोठी खुर्ची रिकामी होती, आणि युलिकची बायको लेटिशिया तिच्याकडे बघायचं नाही म्हणून इतकी जपत होती की सगळ्यांचं लक्ष तिकडेच जात होतं.

"बस की रे तिथे, गॅरेट," सबायनाची नणंद अ‍ॅरामिंटा म्हणाली. बासष्ट वर्षांची, बिनलग्नाची, हातात व्हिस्कीचा पेला. भाऊ बायकोपायी कॅथलिक झाला तरी ही आपल्या प्रॉटेस्टंट चर्चमधून तसूभर हलली नव्हती, आणि आजही मिस्सेला आत न येता दाराबाहेर बग्गीत बसून राहिली होती. "खुर्ची चावत नाही. तुझ्या बापाला पंचवीस वर्षांत चावली नाही, आणि तो तर कोंबड्याला भ्यायचा."

"कागद होऊ देत, आत्या. मग बसेन."

"कागदाने या घरात कुणाचं भलं झालंय?" अ‍ॅरामिंटा म्हणाली आणि पेला पुढे केला. युलिकने तो भरून दिला.

कागद म्हणजे दाव्याचे. लॉर्डकी बापाकडून मुलाकडे येते खरी, पण सरकारदरबारी ती मान्य व्हायची तर बापाचं लग्न आणि मुलाचा जन्म सिद्ध करून द्यावा लागतो. तोवर गॅरेट लॉर्ड होता तो फक्त स्वयंपाकिणीच्या आणि मोतद्दाराच्या तोंडी. त्या कामासाठीच घराण्याचे वकील मिस्टर टिसडाल डब्लिनहून आले होते आणि शेगडीजवळ, दलदलीतून कापून वाळवलेल्या टर्फच्या ढेपांच्या धुरात डोळे पुसत, सूप पीत होते.

"कागदांवरून आठवलं," लेटिशिया म्हणाली. ती एका डीनची, म्हणजे प्रॉटेस्टंट चर्चमधल्या बड्या धर्मगुरूची, मुलगी. तिचा आवाज नेहमी दुसऱ्या खोलीत कुणी आजारी असल्यासारखा हळू असे. "गेल्या आठवड्यात मी डब्लिनला होते. सहज नोंदणी कचेरीत डोकावले."

"सहज," अ‍ॅरामिंटा म्हणाली. "माणूस सहज समुद्रावर जातो, लेटिशिया."

लेटिशियाने काळ्या पिशवीतून घडी घातलेला कागद काढला आणि उलगडून ताटाशेजारी ठेवला. युलिक खाली मान घालून पाव कुस्करत होता. त्याला हे माहीत होतं, हे सबायनाला त्या बोटांवरूनच कळलं.

"सात नोव्हेंबर अठराशे बहात्तर," लेटिशिया वाचू लागली. "पीअर्स डेलाहाइड, वय एकतीस, अविवाहित, हुद्दा लॉर्ड रॅथमॉइल. सबायना हॅनली, लोण्याच्या व्यापाऱ्याची कन्या, कुमारिका, वय अठ्ठावीस. खाली दोघांच्या सह्या. तुमचं अक्षर सुरेख आहे हो, लेडी रॅथमॉइल."

सबायनाच्या हातात सुरी होती, ती तिने काळजीपूर्वक हॅमशेजारी आडवी ठेवली. आपल्या कानशिलांपर्यंत रक्त चढतंय हे तिला कळत होतं आणि ते थांबवता येत नव्हतं. पंचवीस वर्षांत तो शब्द तिच्यासमोर कुणी उच्चारला नव्हता. पीअर्सनेही नाही.

"बहात्तर साली गॅरेट चार वर्षांचा होता," लेटिशिया म्हणाली. "मी फक्त कागदात काय आहे ते सांगतेय."

गॅरेट हसला. त्याला खरंच काही कळलं नव्हतं. "मला ते चर्च आठवतं. थंडगार होतं. आईने हातमोजा काढून माझ्याकडे दिला आणि सांगितलं, हा पाडायचा नाही. मी दोन्ही हातांनी धरून उभा होतो. मला वाटलं, कुणाचं तरी बारसं आहे."

"तुझंच," लेटिशिया म्हणाली.

"पुरे," युलिक म्हणाला, पण तो उठला नाही.

त्या दिवशी डब्लिनला जायला सबायना तयार नव्हती. सासरे नुकतेच गेले होते, पीअर्स लॉर्ड झाला होता, आणि कुणा वकिलाने क्लबात जेवता जेवता त्याच्या कानात घातलं होतं की तुमचं लग्न कायद्यात टिकेलच असं नाही. तेव्हापासून त्याला झोप नव्हती. पुन्हा एकदा लग्न करून टाकू, तो म्हणाला, आता कायदाही बदललाय, कुणी ओळखत नाही अशा चर्चमध्ये जाऊ, दहा मिनिटांचं काम. ती म्हणाली होती, आज पुन्हा उभी राहिले तर पाच वर्षं मी तुझी कोण होते? मग तिथे वहीपाशी आल्यावर पाद्रीबाबाने विचारलं, या रकान्यात काय लिहू? विवाहित लिहिलं तर लग्न लावता येत नव्हतं. पीअर्सने तिच्याकडे पाहिलं. लिहा कुमारिका, ती म्हणाली, आणि मागे हातमोजा धरून उभा असलेल्या पोराकडे न बघता तिने सही केली. सगळं भक्कम करायला निघालेल्या त्या माणसाने पहिल्या लग्नावर स्वतःच्या हाताने काट मारली होती, आणि ते ती त्याला तेव्हाच सांगू शकली असती.

मिस्टर टिसडाल सूप बाजूला सारून उठले. "यात घाबरण्यासारखं काही नाही, लेडीसाहेब. दुसऱ्या लग्नाने पहिलं खोटं ठरत नाही. पुष्कळ जोडप्यांनी त्या काळात भीतीपोटी असं केलंय. प्रश्न पहिल्याचाच आहे, आणि तो एवढासाच आहे." त्यांनी करंगळीचं पेर दाखवलं. "सत्तरच्या आधी कायदा असा होता, की लग्न लावणारा कॅथलिक पाद्री असेल आणि नवरानवरीतला एक जरी आधीच्या बारा महिन्यांत प्रॉटेस्टंट असेल, किंवा तसा वागला असेल, तर ते लग्न झालंच नाही. मोडलं असं नाही. झालंच नाही. लॉर्डसाहेब सहासष्टच्या मे महिन्यात कॅथलिक झाले. लग्न सदुसष्टच्या ऑगस्टमध्ये, फादर डिग्ननकडे. म्हणजे पंधरा महिने. फादर डिग्ननने तेव्हा बोटांवर मोजून खात्री केली असणार."

मोजले होते. सबायनाला ती बोटं आठवत होती, तपकिरीने पिवळी पडलेली.

"मध्यंतरी ते एकदाही प्रॉटेस्टंट चर्चला गेले नसतील, तिथे प्रसाद घेतला नसेल, तर गॅरेटसाहेब औरस आणि सहावे लॉर्ड. गेले असतील..." टिसडालांनी युलिककडे पाहिलं.

"तर मी," युलिक म्हणाला.

"तर आपण. चौऱ्याहत्तरचा जन्म, कुठलंही लग्न खरं धरा, आपल्याला धोका नाही."

गॅरेटचा चेहरा आता उतरला होता. तो सावकाश म्हणाला, "मग मीच नको म्हटलं तर? युलिकने घ्यावी. एकाच आईच्या पोटच्या दोघांत कोर्टकचेरी कशाला?"

"देता येत नाही, साहेब. ती काही कुरणाची जमीन नव्हे. आपली असेल तर आपलीच. ती सोडता येत नाही, कुणाला देता येत नाही, मरेपर्यंत अंगावरून उतरत नाही. आणि हे घर तिलाच बांधलेलं आहे."

"आणि माझी नसेल तर मी कोण?"

याचं उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं. गॅरेटची बायको एली आठव्या महिन्यात होती, म्हणून ती वरच्या खोलीतच झोपून होती. सबायनाची नजर आपसूक छताकडे गेली.

"लॉर्डसाहेबांचं तेव्हाचं येणंजाणं सांगू शकेल असं आज कोण आहे?" टिसडाल म्हणाले. "प्रॉटेस्टंट चर्चचे प्रॉटेस्टंट चर्चचे रेक्टर गेले, फादर डिग्नन गेले. लेडीसाहेब आहेत. त्यांनी शपथपत्र केलं की पुरे."

"आणि आत्या," लेटिशिया म्हणाली. "आत्या त्या पंधरा महिन्यांत दर रविवारी घराण्याच्या बाकावर होत्या. सहासष्टच्या नाताळला तुमच्या आई शेवटच्या चर्चला गेल्या ना, आत्या? गावात अजून बोलतात. म्हातारीला खुर्चीतून उचलून नेलं म्हणे. कुणी उचललं?"

सबायनाने हॅमवर फडकं टाकलं. तिने अ‍ॅरामिंटाकडे पाहिलं नाही. आयुष्यभर ही बाई तिला 'लोणीवाली' म्हणत आली होती. भावाला बाटवलं, घराणं बुडवलं, असं नाताळच्या आणि ईस्टरच्या जेवणावर, पाहुण्यांदेखत म्हणत आली होती. आता ती बोलणार आणि सगळं संपणार.

"मोतद्दाराने उचललं," अ‍ॅरामिंटा म्हणाली. "बग्गीत आई, मी, पायाशी तापवलेली वीट आणि आईचा तो घाणेरडा कुत्रा. पाचव्याला जागाच नव्हती. पीअर्स? पीअर्स त्या दिवशी घरात तोंड लपवून बसला होता. आई वाटभर रडली."

"नक्की आठवतं तुम्हाला?"

"मला तुझ्या लग्नातलं जेवणही आठवतं, लेटिशिया, आणि ते विसरायचा मी किती प्रयत्न केला."

युलिक हसला आणि मग बायकोकडे बघून हसायचा थांबला.

चहा सांगते म्हणून सबायना उठली आणि भांड्यांच्या कोठीत जाऊन भिंतीला टेकली. मागोमाग काठीचा आवाज आला. अ‍ॅरामिंटाने दार लावून घेतलं.

"रडू नकोस. डोळे लाल दिसतील."

"तुम्ही खोटं का बोललात?"

"तुला हवं होतं म्हणून नाही. गॅरेटला मी घोड्यावर बसायला शिकवलंय. तो पडला की उठून आधी घोड्याला लागलंय का बघायचा. आणि त्या डीनच्या पोरीला आईच्या खोलीत झोपलेली मी बघू शकत नाही." तिने काठीवर भार दिला. "तो माझ्या शेजारी बसला होता, सबायना. आई मध्ये, आम्ही दोन बाजूंना. त्याने प्रसादही घेतला. मला वाटलं, आला बरं परत, लोणीवालीला विटला एकदाचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा मिस्सेला गेला. मला आजपर्यंत कळलं नाही की त्या दिवशी तो आला कशाला."

"मी पाठवलं."

अ‍ॅरामिंटाने काठी दुसऱ्या हातात घेतली.

"तो मला विचारायला आला होता," सबायना म्हणाली. "आई म्हणते एकदा, शेवटचं, माझ्या शेजारी बस. काय करू? मी म्हटलं, जा. आई आहे ती. देव एका दिवसाचं मनावर घेणार नाही. आम्हाला तेव्हा लग्नाची तारीख माहीत नव्हती, बारा महिने माहीत नव्हते. मला फक्त ती म्हातारी दिसत होती, खिडकीत बसलेली. मग ऑगस्टमध्ये फादर डिग्ननने विचारलं, आणि पीअर्स म्हणाला, नाही, गेलो नाही. मी शेजारी उभी होते. मी गप्प राहिले."

अ‍ॅरामिंटाने ठिबकणारा नळ घट्ट पिळला.

"म्हणजे आईचा तो नाताळ तू दिलास," अ‍ॅरामिंटा म्हणाली. तिचा आवाज बदलला होता, आणि तो बदललेला तिलाच आवडला नसावा, कारण ती लगेच खाकरली. "बरं. मग फिटंफाट झाली. मी नुसती बोलले, शपथ घेतलेली नाही. आणि माझा देव असल्या बाबतीत नाक खुपसत नाही. तुझा खुपसतो, असं ऐकून आहे."

"खुपसतो."

"मग तुमचं तुम्ही बघा," असं म्हणून ती चहाची किटली स्वतः उचलून गेली. असं काम तिने या घरात कधी केलं नव्हतं.

पॅसेजमध्ये युलिक उभा होता. तो काही ऐकायला आला नव्हता. लहानपणी मार खाल्ल्यावर तो तिथेच, कोटांच्या खुंट्यांखाली उभा राहायचा. त्याने आईचा हात धरला.

"तो कागद आणू नको, असं मी तिला सांगितलं होतं."

"माहीत आहे."

"मला ती लॉर्डकी नकोय, आई. पण तिचं म्हणणं, मुलासाठी विचार कर. आणि मग रात्री पडल्या पडल्या मला वाटतं..." तो थांबला. "खरं जे असेल, ते माझ्या बाजूचं असेल तर? मीही तुझाच ना?"

तिने त्याच्या कॉलरवरचा पावाचा चुरा झटकला. "हो रे बाळा," ती म्हणाली. त्याहून जास्त तिला काही देता आलं नाही, आणि ते त्याला समजलं असावं, कारण त्याने हात सोडला. ती चालायला लागली तेव्हा तो खुंटीवरच्या बापाच्या जुन्या कोटाकडे बघत होता.

अभ्यासिकेत टिसडालांनी कागद मांडला होता. गॅरेट उभा होता, बाकीच्यांना बाहेर थांबवलं होतं. शपथपत्राच्या माथ्यावर तिचं नाव होतं आणि त्यापुढे 'विधवा'. खाली बारीक अक्षरात, की माझ्या दिवंगत पतीने मे अठराशे सहासष्टनंतर कधीही प्रॉटेस्टंट चर्चमध्ये उपासना वा प्रसादग्रहण केलेलं नाही, हे मी स्वतःच्या माहितीने शपथेवर सांगते.

"आई," गॅरेट म्हणाला, "खरं असेल तेच कर. नाहीतर नको. मी एलीला घेऊन लिमरिकला आजोबांच्या दुकानात जाईन, लोणी विकेन. मला वाईट वाटणार नाही."

त्याला वाईट वाटलं असतं. तो खोटं बोलत नव्हता, त्याला फक्त माहीत नव्हतं. वाईट त्याला रोज वाटलं असतं. मिस्सेला येणाऱ्या प्रत्येक माणसाने टोपी काढावी की काढू नये म्हणून क्षणभर घुटमळताना, एलीचा बाप चिठ्ठीला उत्तर पाठवेनासा झाल्यावर, आणि पोरगं शाळेतून एखादा शब्द शिकून आल्यावर. सबायनाने त्याच्या हातांकडे पाहिलं. मोठे, लालसर, तिच्या बापासारखे हात. एकदा सही करून तिने या पोराला अनौरस ठरवलं होतं, त्याच्याकडे न बघता. आज ती बघत होती.

"खरंच आहे ते," ती म्हणाली.

टिसडालांनी बायबल पुढे केलं. तिने उजवा हातमोजा काढून मांडीवर ठेवला, शपथ म्हटली, पुस्तक उचलून ओठांना लावलं. चामड्याला दमट वास होता. मग सही केली. अक्षर अजूनही सुरेख होतं.

"झालं," टिसडाल म्हणाले. गॅरेटने वाकून तिच्या केसांवर ओठ टेकले, आणि बाहेर जाऊन, महिन्याभरात पहिल्यांदा, मोतद्दाराला मोठ्या आवाजात घोडे आणायला सांगितलं.

पुढचा महिना दिसायला चांगला गेला. शपथपत्र पाहून लेटिशियाने नेमलेल्या वकिलाने दाव्यावरची हरकत मागे घेतली. टिसडालांचं पत्र आलं की कागद पुढे गेलेत, आता अडचण दिसत नाही. ईस्टरच्या आधीच्या मंगळवारी एलीला मुलगा झाला, त्याचं नाव पीअर्स ठेवलं, आणि गावकऱ्यांनी टेकडीवर जाळ केला. अ‍ॅरामिंटाने पाळण्यात बघून सांगितलं की नाक लोण्याचं आहे पण कपाळ घराण्याचं. गॅरेट टेबलाच्या टोकाशी बसू लागला. सुरी आता तो धरायचा, आणि त्याचे काप बापाइतकेच पातळ व्हायचे.

सबायना मात्र खाईनाशी झाली. मिस्सेला ती जायची, आणि प्रसादाच्या वेळी नोव्हेनाच्या प्रार्थनांचं पुस्तक उघडून बसायची. एक रविवार डोकं दुखलं म्हणून गेला. दुसऱ्या रविवारी चुकून सकाळी चहा घेतला, उपास मोडला, असं तिने मुद्दाम सगळ्यांदेखत सांगितलं. पण ईस्टरला सबब चालत नाही. वर्षातून निदान तेवढ्या एका दिवशी प्रसाद घेतलाच पाहिजे, नाहीतर माणूस कॅथलिक कसला.

शनिवारी दुपारी ती पापनिवेदनाला गेली. रांगेत तिच्यापुढे शाली पांघरलेल्या तीन म्हाताऱ्या होत्या. त्यांनी तिला पुढे जा म्हटलं, ती नको म्हणाली. पडद्यामागे फादर लॅव्हेलचं पुटपुटणं ऐकू येत होतं. आत गेल्यावर काय होणार हे ती पाठ केल्यासारखं जाणत होती. सांगितलं, तर फादर म्हणणार, कन्ये, आधी ते शपथपत्र मागे घे, मगच क्षमा. आणि न सांगता प्रसाद घेतला, तर ते पहिल्या पापाहून भारी पाप. तिसरी म्हातारी उठून आत गेली तेव्हा सबायना बाहेर पडली आणि चार मैल चालत घरी आली.

ईस्टरच्या सकाळी चर्च भरून वाहत होतं. रॅथमॉइलचं बाक सगळ्यांत पुढे, वेदीच्या कठड्यापासून सहा पावलांवर. प्रसादाच्या वेळी आधी त्या बाकाने उठायचं, त्यातही आधी घरच्या थोरल्या बाईने, आणि मग मागच्यांनी, ही तिथली रीत. कुणी ती लिहून ठेवलेली नव्हती, पण गॅरेटच्या जन्माआधीपासून ती मोडली नव्हती. बाकावर आज दोघंच होती, सबायना आणि गॅरेट. एली बाळंतिणीच्या खोलीत होती आणि युलिक तिकडे बायकोबरोबर तिच्या चर्चला.

घंटी वाजली. फादर लॅव्हेल हातात प्रसादपात्र घेऊन वेदीवरून वळले आणि कठड्यापाशी येऊन थांबले. मागे चारशे माणसं गुडघ्यांवर होती, आणि शाली, बूट, खोकले सगळं हळूहळू थांबलं. सगळे पुढच्या बाकाकडे बघत होते.

सबायना उठली नाही.

गॅरेट उठून बाहेर वाट करून देत उभा होता. त्याला वाटलं तिला चक्कर आली. तो वाकला. "आई, चल. हात धरू?"

"तू जा," ती म्हणाली.

"बरं नाही का वाटत?"

"मला बरं आहे."

"मग?"

तिने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. तिला त्याला काही सांगायचं नव्हतं. तिने ठरवलं होतं की हे आपल्याबरोबर, पीअर्सच्या शेजारी, जमिनीत जाईल. पण चेहऱ्याचं काय करायचं हे तिला माहीत नव्हतं, आणि या पोराला तो चेहरा एकोणतीस वर्षं ठाऊक होता. आपल्या आईने ईस्टरचा प्रसाद का घेऊ नये, याचं कारण एकच असू शकतं, कबूल न केलेलं मोठं पाप, हे रॅथमॉइलमधल्या सात वर्षांच्या पोरालाही कळलं असतं. गॅरेटला कळायला थोडा वेळ लागला. मग त्याच्या तोंडावरचा रंग गेला. त्याने एकदा वेदीकडे पाहिलं, एकदा मागे त्या चारशे माणसांकडे, जी त्याच्यासाठी थांबली होती कारण तो लॉर्ड होता.

फादर लॅव्हेल वाट बघत राहिले.

त्याने जावं म्हणून ती मनातल्या मनात विनवत होती. तो गेला असता तर त्याला काही माहीत नसल्यासारखं झालं असतं. तो बाकावर परत आला आणि तिच्याशेजारी बसला. तिच्या मांडीवर काढून ठेवलेला उजवा हातमोजा होता. तो त्याने उचलला आणि दोन्ही हातांनी धरून, समोर बघत बसून राहिला.

दुसऱ्या बाकावरून कुणीतरी बिचकत उठलं, मग तिसऱ्या, मग सगळं चर्च दोन रांगांनी त्यांच्या दोन्ही बाजूंनी पुढे जाऊ लागलं. जाणारा प्रत्येक जण गॅरेटपाशी आला की क्षणभर थांबत होता आणि सवयीने मान लववत होता.